आठव्या दिवशी दम का लागतो? विषाणूचा निमोनिया आणि शरीराची पहिली फळी

प्रश्न असा आहे : शेतात राबणारा, सहसा दवाखान्याची पायरी न चढणारा चाळिशी-पन्नाशीतला माणूस. फ्लू किंवा कोविडसारखा ताप येतो, तो पाच-सहा दिवस अंगावर काढतो आणि आठव्या दिवशी धाप लागून थेट आयसीयूत जातो. प्रतिकारशक्ती चांगली असताना असं का व्हावं? आणि दाह दाबणारं जे स्टिरॉइड शेवटी जीव वाचवतं, ते डॉक्टर पहिल्याच दिवशी का देत नाहीत?

दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. शरीराची जन्मजात प्रतिकारशक्ती किती आहे यापेक्षा ती कोणत्या दिवशी आणि फुप्फुसाच्या कोणत्या भागात काम करते, यावर पेशंटचं भवितव्य ठरतं. मृगात पडलेला पाऊस पेरणी साधतो. तोच पाऊस दसऱ्याच्या सुमाराला काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीवर पडला तर शेंगांना कोंब फुटतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत नाकात-घशात जोरात उठलेला प्रतिसाद माणसाला वाचवतो. तोच प्रतिसाद उशिरा, वायुकोशांत उठला की फुप्फुस निकामी करतो.

अँटिबॉडी आणि टी पेशींची फळी त्या-त्या विषाणूला ओळखून तयार होते. विषाणू शरीराला नवा असेल तर त्यासाठी आठवडा-दोन आठवडे जातात (लस घेतलेली असेल तर हा काळ बराच कमी होतो). तोवरचा किल्ला जन्मतः मिळालेली फळी लढवते. तिची सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून होते. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर अतिसूक्ष्म लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि चिकट स्रावात अडकलेली धूळ, जंतू घशाकडे ढकलत राहते. आपल्या मराठवाड्यात ही लव आधीच मार खाल्लेली असते. वर्षानुवर्षं तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या बाया, बिडी ओढणारे गडी, जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत काम करणारे मजूर या सगळ्यांची ही पहिली झाडलोट कमजोर झालेली असते. म्हणून "तिला तर कसलंच व्यसन नव्हतं" या वाक्यावर विसंबू नका. चुलीचा इतिहास विचारा.

स्राव ओलांडून विषाणू पेशीत शिरला की खरी हालचाल सुरू होते. फ्लू, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू), कोविड हे सगळे आरएनए विषाणू आहेत, म्हणजे त्यांची जनुकीय माहिती आरएनएच्या धाग्यात असते. त्यांचा आरएनए आपल्या पेशीतल्या आरएनएपेक्षा दोन बाबतींत वेगळा दिसतो : त्याची वाढ होताना दुपदरी धागे तयार होतात, आणि काही विषाणूंच्या धाग्याच्या टोकाला तीन फॉस्फेट उघडे राहतात. हे उघडं टोक 'रिग-आय' नावाचं प्रथिन ओळखतं, लांब दुपदरी धागे 'एमडीए-५' ओळखतं. पेशीने बाहेरून गिळलेल्या पिशवीत टीएलआर-३ आणि टीएलआर-७ हे पहारेकरी असतात. यांपैकी कोणीही इशारा दिला की काही तासांत पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी लावला. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर त्यांनी निष्क्रिय केलेला फ्लूचा विषाणू सोडला, तेव्हा त्या पेशींतून असा पदार्थ बाहेर आला की ज्यामुळे दुसऱ्या, निरोगी पेशींना विषाणूची लागण होईना. इंटरफेरॉन विषाणूला स्वतः हातही लावत नाही, ते शेजारच्या पेशींना सावध करतं. त्या पेशींत शेकडो जनुकं एकदम चालू होतात. आरएनेज-एल आरएनएचे तुकडे करतं. पीकेआर पेशीतली प्रथिननिर्मितीच थांबवतं, म्हणजे विषाणूला कारखाना मिळत नाही. एमएक्स प्रथिन फ्लूच्या आरएनएवरचं आवरण धरून ठेवतं. आयएफआयटीएम-३ विषाणूला पिशवीतून पेशीच्या आत उतरू देत नाही. एवढं सगळं होताना पेशीचं स्वतःचं कामही मंदावतं, आणि माणसाला कणकण, डोकेदुखी, अंग मोडून येणं जाणवतं. हिपॅटायटिस-सीच्या पेशंटना पूर्वी इंटरफेरॉनचं इंजेक्शन देत असत, तेव्हा त्यांना संध्याकाळी अगदी असाच 'फ्लू' व्हायचा. अंगदुखीचा मोठा भाग आपल्याच बचावाचा असतो, तो असा.

तापाचं काम दुसऱ्या संदेशवाहकांकडे आहे. आयएल-१, आयएल-६ आणि टीएनएफ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराचं तापमान वर सरकतं. पॅरासिटामॉल फक्त ही शेवटची पायरी अडवतं, विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. मोठ्या माणसाला ५०० ते ६५० मिलीग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर, एवढं पुरे. रोज दारू पिणाऱ्याला किंवा यकृताचा आजार असलेल्याला दिवसभरात २ ग्रॅमच्या वर जाऊ नये. थर्मामीटरवर ९९ दिसलं की गोळी, हे करायची गरज नाही.

आता गाडी कुठे अडते ते पाहू. या विषाणूंनी इंटरफेरॉन दाबायची हत्यारं स्वतःजवळ ठेवलेली आहेत. फ्लूचं एनएस-१ प्रथिन रिग-आयला बांधून टाकतं. कोविडच्या विषाणूचं एनएसपी-१ पेशीची प्रथिननिर्मिती ताब्यात घेतं, आणि ओआरएफ-६ इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या केंद्रकात जाऊच देत नाही. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस विषाणू गुपचूप वाढतो. ज्याचा प्रतिसाद तरीही वेळेवर उठतो, त्याचा आजार नाकघशात संपतो. लहान मुलांच्या नाकातल्या पेशींत कोविड ओळखणारी एमडीए-५, रिग-आय यांसारखी प्रथिनं आधीपासूनच जास्त प्रमाणात असतात, हे मुलांना तो सौम्य जाण्यामागचं एक कारण. वयस्करांत उलटं होतं : इंटरफेरॉन कमी बनतं आणि उशिरा बनतं.

धट्ट्याकट्ट्या माणसाच्या प्रश्नाचं एक थेट उत्तर २०२० मध्ये मिळालं. कोविडमुळे जिवावर बेतलेल्या ९८७ पेशंटच्या रक्तात १०१ जणांकडे स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. या माणसांना त्याआधी काही त्रास असेलच असं नाही. दिसायला पैलवान, पण पहिल्या फळीचं मुख्य हत्यारच बोथट. टीएलआर-७ चं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे त्याची एकच प्रत, ती सदोष असेल तर भरपाई करायला दुसरी नाही. काही तरुण पुरुषांचा गंभीर आजार यामुळे होतो हेही सिद्ध झालं आहे. यातली कुठलीही तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. म्हणून माणसाच्या तब्येतीकडे पाहून "याला काही होणार नाही" असा अंदाज कोणी बांधू नये. ऑक्सिमीटर दाखवेल तेच खरं धरा.

नाकघशातली लढाई हरली की विषाणू खाली उतरतो. फुप्फुसात ३० ते ५० कोटी वायुकोश असतात, सगळे पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील. हवा आणि रक्त यांच्यातली भिंत एका मायक्रॉनहूनही पातळ. इथे कायम वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज पेशी एरवी शांतपणे कचरा गिळतात, आणि प्रतिसाद मुद्दाम दबलेला ठेवतात, कारण एवढ्या नाजूक जागी दाह परवडत नाही. गंभीर संसर्गात त्या मरतात. त्यांच्या जागी रक्तातून मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. ते तापट असतात. आयएल-६, टीएनएफ आणि इतर संदेश भरमसाट सोडतात आणि न्यूट्रोफिलांना बोलावतात. न्यूट्रोफिल याही पांढऱ्या पेशीच, जंतू मारायला बनलेल्या. विषाणू पेशींच्या आत दडलेला असताना ते बाहेर विकरं (एन्झाइम) ओततात, आणि स्वतःच्या डीएनएची चिकट जाळी फेकतात. ही जाळी बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेटना धरते, गुठळ्या होतात. भिंत गळू लागते. प्रथिनयुक्त पाणी वायुकोशात भरतं आणि वाळून काचेसारखा पडदा धरतो. वायुकोश मिटू न देणारा सर्फॅक्टंट टाइप-२ पेशी बनवतात, आणि विषाणू नेमक्या त्याच पेशींना मारतो. मग वायुकोश चिकटून बसतात. रक्त तिथून जातं, पण ऑक्सिजन न घेताच परततं.

कोविडमध्ये हे साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास होतं, फ्लूमध्ये त्याहून लवकर, तिसऱ्या ते पाचव्या दिवशीही. तोवर विषाणूचं प्रमाण बहुतेकदा उताराला लागलेलं असतं. आठव्या दिवशीचा दम हा मुख्यतः दाहाचा दम असतो, तो याच अर्थाने. याचा पुरावा इंटरफेरॉननेच दिला आहे. ब्राझील आणि कॅनडात झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत इंटरफेरॉन-लॅम्डाचं एकच इंजेक्शन दिलं. दवाखान्यात भरती किंवा तातडीच्या विभागात जास्त वेळ राहावं लागण्याचं प्रमाण ५.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आलं. इंटरफेरॉन-बीटा भरती झालेल्या पेशंटना उशिरा देऊन पाहिलं तेव्हा फायदा दिसला नाही, आणि जास्त ऑक्सिजनवर असलेल्यांत त्रासच वाढला.

रिपोर्ट वाचताना होणारी एक चूक इथे नीट सांगतो. समजा पाचव्या दिवशीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, असा आला : पांढऱ्या पेशी ६,२००, न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट १० टक्के. एकूण आकडा ४,००० ते ११,००० च्या मधे, म्हणून "रक्त नॉर्मल आहे" असं सांगून पेशंटला घरी पाठवलं जातं. पण लिम्फोसाइट (टी पेशी याच गटातल्या) मोजा : ६,२०० चे १० टक्के म्हणजे ६२०. मोठ्या माणसात १,००० च्या खाली कमीच. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागा : ८.४. निरोगी माणसात हे गुणोत्तर साधारण १ ते ३ असतं. हा पेशंट बिघडण्याच्या वाटेवर असू शकतो. त्याला रोज पाहायला हवं. हिशोब मात्र स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वीच्या रक्तावर करा. स्टिरॉइड दिल्यावर रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून रक्तात येतात आणि आकडा आपोआप फुगतो.

सीआरपी हे रक्तात दाह दाखवणारं प्रथिन यकृत बनवतं, आयएल-६ च्या सांगण्यावरून. इजा झाल्यापासून सहा-आठ तासांत वाढू लागतं आणि दीड-दोन दिवसांत शिखर गाठतं. ते बनणं थांबलं की दर १९ तासांनी अर्धं होतं. एका आकड्यापेक्षा दोन दिवसांतला कल महत्त्वाचा. टॉसिलिझुमॅब हे आयएल-६ अडवणारं औषध दिल्यावर सीआरपी झपाट्याने उतरतं कारण आयएल-६ चा निरोपच यकृताला पोचत नाही. आत जिवाणूंचा संसर्ग पेटलेला असला तरी आकडा छान दिसतो. या खोट्या दिलाशाने पेशंट गेलेले आहेत. प्रोकॅल्सिटोनिन, रक्तात मोजता येणारी आणखी एक खूण, जिवाणूंच्या संसर्गात चढतं. विषाणूच्या संसर्गात इंटरफेरॉन-गॅमा ते दाबतं, त्यामुळे कमी प्रोकॅल्सिटोनिन पाहून अँटिबायोटिक थांबवायला आधार मिळतो. आणि एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, २५ पैकी स्कोअर? पाच खंड, प्रत्येकी पाच गुण, किती भाग व्यापला एवढंच तो सांगतो. पहिल्या तीन दिवसांत तो शून्य येऊ शकतो. २०२१ मध्ये आपल्याकडे पेशंटच्या तब्येतीआधी "स्कोअर किती?" हेच विचारलं जायचं. स्कोअर ९ आणि ऑक्सिजन ८८ असलेला पेशंट स्कोअर १५ आणि ऑक्सिजन ९६ असलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

स्टिरॉइडचा प्रश्न आता सोपा होतो. डेक्सामेथासोन दाहाचे संदेश दाबतं, पण त्याच हाताने इंटरफेरॉनचं कामही दाबतं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत २०२० मध्ये रोज ६ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, असं ते दिलं गेलं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांच्यात मात्र मृत्यू १४.० ऐवजी १७.८ टक्के झाले. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, पण फायदा नाही एवढं नक्की. फ्लूच्या निमोनियात तर दमा किंवा सेप्टिक शॉकसारखं वेगळं कारण असल्याशिवाय स्टिरॉइड देऊ नये.

आणि आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. गावात दुसऱ्या दिवशीच 'तापाचं इंजेक्शन' मिळतं. त्या सिरिंजमध्ये बऱ्याचदा डेक्सा (म्हणजे डेक्सामेथासोन) आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक एकत्र असतं. तासाभरात ताप उतरतो, भूक लागते, माणूस कामावर जातो. आत विषाणूला मोकळं रान मिळतं, आणि धोक्याची सूचना देणारा तापही झाकला जातो. गावच्या डॉक्टरांवर राग काढून भागणार नाही. पेशंटलाच "लगेच बरं वाटलं पाहिजे" असतं, आणि मजुरी बुडते हे खरंच आहे. तरी विचारून घ्या : "यात स्टिरॉइड आहे का? आज कितवा दिवस आहे? ऑक्सिजन किती आहे?" ऑक्सिजन ९४ च्या वर आणि दम नाही, तर त्या इंजेक्शनची गरज नाही. पहिल्या ४८ तासांत ज्याची खरी गरज असते ते वेगळंच आहे : फ्लूची शंका असेल आणि पेशंट गरोदर, वयस्कर, मधुमेही किंवा दम्याचा असेल, तर फ्लूच्या विषाणूवरचं ओसेल्टामिवीर ७५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो. गंभीर पेशंटला ४८ तास उलटल्यावरही ते द्यावं.

ऑक्सिजन लागूनही दाह वाढतच असेल, म्हणजे कोविडमध्ये ऑक्सिजन ९२ च्या खाली आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त, तर स्टिरॉइडच्या जोडीला टॉसिलिझुमॅब (वजनाच्या किलोमागे ८ मिलीग्रॅम, कमाल ८००) किंवा बॅरिसिटिनिब (रोज ४ मिलीग्रॅम) यांपैकी एक विचारात घेतात. त्याआधी क्षयरोग आणि जिवाणूंचा संसर्ग यांचा शोध घेतलाच पाहिजे. पालथं झोपवणं हा फुकटचा आणि खरोखर उपयोगी उपचार. मिटलेले पाठीकडचे वायुकोश उघडतात. व्हेंटिलेटरवर दिवसाचे किमान १६ तास पालथं ठेवायचं असतं, आणि हवेचा प्रत्येक झोका उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे ६ मिलीलीटर एवढाच. मोठे झोके दिले की ताणलेल्या पेशी पुन्हा दाहाचे संदेश सोडतात. म्हणजे मशीनच आजार वाढवतं.

स्टिरॉइड सुरू केलं की साखर ही दुसरी लढाई सुरू होते. डेक्सामेथासोनने उपाशीपोटीची साखर बऱ्याचदा बरी दिसते, दुपारी आणि रात्री जेवणानंतर ती ३०० च्या वर जाते. सकाळी एकदा टोचून समाधान मानू नका. चारही वेळा मोजा, दवाखान्यात १४० ते १८० मध्ये ठेवा. साखर वाढली आणि रक्त आम्लधर्मी झालं की न्यूट्रोफिल-मॅक्रोफेज बुरशीचे बीजाणू मारू शकत नाहीत, आणि प्रथिनांनी बांधून ठेवलेलं लोह मोकळं होऊन बुरशीला मिळतं. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा ('काळी बुरशी') जो कहर पाहिला त्याची मुळं इथे होती. गालाला एका बाजूला बधिरपणा, नाकातून काळपट स्राव, वरचे दात हलणं, पापणी पडणं किंवा एकाचे दोन दिसणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. तिथे एक रात्रही थांबू नये.

फ्लूमध्ये आणखी एक सापळा आहे. ताप उतरतो, दोन दिवस बरं जातं, आणि पुन्हा थंडी वाजून ताप, पिवळा किंवा तांबूस बेडका. लव गेलेली, मॅक्रोफेज मेलेले, अशा फुप्फुसात न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस सहज घर करतो. आता अँटिबायोटिक लागतंच, आणि लवकर लागतं.

घरी काय मोजायचं? श्वास, पूर्ण एक मिनिट, पेशंटला न सांगता. मिनिटाला २४ च्या वर गेले तर डॉक्टरांना दाखवा, ३० म्हणजे गंभीर. ऑक्सिजन बसून मोजा. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, बोट गार असेल तर चोळून गरम करा. ९४ किंवा वर असेल आणि दम नसेल तर सहा मिनिटं सपाट जागेवर चालवून पुन्हा मोजा. तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला किंवा ९३ च्या खाली गेला, तर भरती. काही पेशंट ८५ वरही आरामात बोलत असतात, कारण सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो आणि धाप त्याच्यावर जास्त अवलंबून असते. बोलतोय म्हणून सोडू नका.

अंतराचा हिशोब मराठवाड्यात वेगळा करावा लागतो. आष्टीचा पेशंट बीडऐवजी नगरला जातो, परांड्याचा बार्शीला, आणि किनवटहून नांदेड गाठायला तीन तास धरावे लागतात. दाहाने भरलेल्या फुप्फुसात राखीव काहीच नसतं, ऑक्सिजन दोन मिनिटं बंद पडला तरी आकडा ९० वरून ७० वर येतो. रुग्णवाहिकेतल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १,५०० लीटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लीटरने तो अडीच तास पुरतो. किनवटच्या पेशंटसोबत दोन सिलिंडर हवेत, आणि निघण्याआधी दोन्हींचा काटा पाहिलेला हवा. सोबतच्या चिठ्ठीवर पहिल्या लक्षणाची तारीख, स्टिरॉइडचा पहिला डोस कधी व किती दिला ते, शेवटची साखर आणि स्टिरॉइडआधीचा सीबीसी एवढं लिहून द्या. पुढच्या डॉक्टरांना विषाणूवर औषध द्यायचं की दाहावर, हे पहिल्या तासात या चार ओळींवरूनच ठरवता येतं.